चूलबंद आवतण

१

ओवीला वाटलं होतं, दोनशे खुर्च्या कमी पडतील. पहिल्या रविवारी आली एकोणीस माणसं. त्यांतली पाच बँडच्या घरची, दोन मंडपवाल्याची, आणि एक गृहस्थ दिवाळीनंतर हॉल मोकळा आहे का ते विचारायला आलेले. पहिलं गाणं होईपर्यंत ते बसले, टाळ्याही वाजवल्या, मग चप्पल शोधत निघून गेले.

ओवीची शाळा-कॉलेजची नऊ वर्षं शिलाँगला गेली होती. वडिलांची केंद्र सरकारची नोकरी. तिथं रविवारी दुपारी छोट्या-छोट्या हॉलमधून रॉक वाजायचं. गिटार कानठळ्या बसवत असायची, आणि पहिल्या रांगेत शाली पांघरलेल्या आज्या पाय हलवत बसलेल्या असायच्या. मांडीवर नातवंडं. शेवटच्या गाण्याला शंभर माणसं एकदम श्वास रोखायची, तेव्हा आपल्या शेजारी कोण आहे हे विचारायची गरजच उरायची नाही. ओवीनं तिथं शंभराच्या वर कार्यक्रम ऐकले आणि जवळजवळ सगळे आपल्या छोट्या रेकॉर्डरवर उतरवून घेतले. संभाजीनगरला परतताना तिनं ठरवलं होतं, हे आपल्या गावात झालं पाहिजे. नोकरी काय, मिळेल.

बँड तिला महिनाभरात सापडला. पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत सराव करायचा, म्हणून नाव ‘गिरणी’. ड्रमवर ऋतुराज, आणि गायला अंगद. अंगद पाचोडजवळच्या एका वस्तीवरचा. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे. ओढ्यापलीकडची मेंढरं नुसत्या हाकेनं वळवायचा घरातला तो आवाज अंगदच्या गळ्यात उतरला होता. तो औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात काम करायचा आणि दुकानाच्या वर एका खोलीत राहायचा. ओवीनं त्याला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तिला त्याची लाजही वाटली नव्हती.

लग्नसराई संपली की मंगल कार्यालयं रिकामी असतात. बीड बायपासच्या आतलं एक जुनं कार्यालय दर रविवारी दुपारी चार ते सहा मिळालं. पण माणसं?

“तुमच्याकडं लग्नाला गावच्या गाव कसं येतं रे?” तिनं अंगदला विचारलं.

“चूलबंद आवतण असतं. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूलच पेटवायची नाय. म्हातारंकोतारं, पाळण्यातलं, आलेलं-गेलेलं, घरात असंल तेवढं सगळं जेवायला यायचं.”

“बिर्याणी असेल तर मी आमच्या आख्ख्या गल्लीला देतो,” ऋतुराज म्हणाला. “नुसत्या गाण्यावर कोई नै आता मियाँ.”

पण ओवीच्या मनात ते शब्द रुतून बसले. घरात असेल तेवढं सगळं. शाली पांघरलेल्या आज्या तिला दिसायला लागल्या.

२

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी तिनं एक जीप केली, वर भोंगा बांधला, आणि माइक स्वतःच्या हातात घेतला. “ज्याला-ज्याला हा आवाज ऐकू येतोय, त्या सगळ्यांना रविवारी गाण्याचं चूलबंद आवतण. घर रिकामं करून या.” वांगी निवडणाऱ्या बाया वर बघून हसल्या.

“असं नसतंय, ओवी,” अंगद म्हणाला. तो हसत नव्हता. “उंबऱ्यापाशी जायचं. घरच्याचं नाव घ्यायचं, त्याच्या बापाचं घ्यायचं. मग सांगायचं.”

“एवढ्या लोकांची नावं कुठून आणू? ज्याला आवाज पोचेल तो आपला.”

वाटेतल्या दोन वस्त्यांवरही तेच पुकारून परतताना तिनं मुद्दाम जीप धरणाच्या काठानं घ्यायला लावली. पाऊस लांबला होता. पाणी खूप आत सरकलं होतं आणि जुनं, बुडालेलं गाव उघडं पडलं होतं. तडकलेल्या गाळात घरांच्या जोत्यांच्या ओळी, एक जातं, देवळाची पायरी. ओवी जीपच्या फळीवर उभी राहिली आणि त्या ओळींकडे तोंड करून तिनं सगळं आवतण पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

“इथं कोण ऐकतंय?” अंगदनं विचारलं.

“कुणी नाही, म्हणूनच. आवाज मोकळा होतो.”

काठावर वीसेक बगळे होते. भोंगा एवढा कर्कश वाजला, पण एकही उडाला नाही.

३

दुसऱ्या रविवारी सव्वीस माणसं आली. अंगदचे वडील मुंजाबा चार भावकीतले घेऊन आले. पटका सावरत मागं बसले आणि दीड तास जागचे हलले नाहीत. संपल्यावर ओवी त्यांच्याकडे गेली.

“कसं वाटलं, काका?”

“पोरगं ब्येस वरडतंय. शब्द काय कळंनात.” मग इकडंतिकडं बघून म्हणाले, “जेवन कुठशी हाय?”

“जेवण? चहा आहे, काका.”

“भोंग्यावर चूलबंद म्हनली व्हतीस. आमी सैपाक केला नाय घरी.”

ओवीनं ऋतुराजला पिटाळून समोसे आणवले. मुंजाबा हसत-हसत खात होते, “असू दे, पोरी,” म्हणत होते. पण जाताना दाराशी थांबून ते मुलाच्या कानाशी काहीतरी बोलले. अंगदनं मान हलवली.

“काय म्हणत होते?” तिनं नंतर विचारलं.

“काय नाय. म्हनले, चूल बंद ठेवून आलेलं मानूस उपाशी परत जाऊ नये. म्हातारी माणसं.”

घरी आल्यावर तिनं हेडफोन लावले. रेकॉर्डर नेहमीप्रमाणे हॉलच्या मधोमध उंच दांड्यावर होता, दोन्ही माइक स्टेजकडे. पहिलं गाणं छान उतरलं होतं. मग टाळ्या आल्या.

ओवीनं हेडफोन काढून बघितले, पुन्हा लावले. सव्वीस माणसांच्या टाळ्या कशा ऐकू येतात हे तिला ठाऊक होतं. एकेक तळवा वेगळा काढता येतो. या टाळ्या तशा नव्हत्या. त्या लांबवर पसरत गेल्या होत्या, मागं मागं, आणि थांबायलाही वेळ लागला होता. तिनं स्वतःला समजावलं की वर पत्रा आहे, भिंती उघड्या, आवाज फिरतो. ते खरंच होतं. शाळेतल्या पोरालाही कळेल असं होतं.

तिसरं गाणं नवीन होतं. त्या दिवशी सकाळीच चाल पक्की झाली होती. बँडच्या बाहेर कुणी ऐकलेलं नव्हतं. अंगदनं पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला त्याच्याबरोबर आणखी आवाज होते. पुष्कळ होते, खालच्या पट्टीत, तोंड नीट न उघडता म्हटलेले. एकही शब्द चुकला नव्हता.

आणि त्या आवाजांच्या आत अंगदचा आवाज कुठं आहे ते शोधायला तिला कान द्यावा लागला.

४

आठवडाभर अंगदचा घसा बसलेला होता. “वरडून-वरडून झालं असंल,” तो म्हणायचा. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, गुळण्या सांगितल्या. ओवी म्हणाली, “रविवार रद्द करू.”

“माझ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं गाणं ऐकायला मुद्दाम यायलंय,” अंगद म्हणाला. “आता रद्द करू नको.”

तिनं ऐकलं. खरं सांगायचं तर तिला ऐकायचंच होतं. तिसऱ्या रविवारी चौपन्न माणसं आली. एक आजीबाईही होती, कॉलनीतली, शाल पांघरलेली. ओवीनं तिला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि मनातली शंका बाजूला सारली. तरीही तिनं रेकॉर्डरला हेडफोन जोडले आणि खांबाला टेकून उभी राहिली. एक कान झाकलेला, एक उघडा.

उघड्या कानात अंगद गात होता. बसलेल्या घशानंही त्याचा आवाज पत्र्याला धक्के देत होता. माणसं माना डोलवत होती.

झाकलेल्या कानात तो लांब होता. एखाद्या विहिरीच्या तळाशी कुणी गावं तसा. आणि प्रत्येक ओळ शेवटी तुटत होती. अर्धा शब्द, पाव शब्द, कुणीतरी घास तोडून घ्यावा तसा तो टोकाकडून नाहीसा होत होता. त्याच्या मागून, माइकच्या पाठीमागून, बसण्याची सळसळ येत होती. जाड कापड. बांगड्या. म्हाताऱ्याचं घसा खाकरणं. एक मूल किरकिरलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. मग शांतता. कंटाळ्याची नाही, वाढप्याची वाट बघणाऱ्या माणसांची.

ओवी मागं वळली. शेवटच्या रांगेच्या मागं लोखंडी सरकतं दार होतं, त्याच्या पलीकडं जेवणाचा हॉल. शेवटचं लग्न झाल्यापासून तो बंद होता.

तिनं एक-एक पाऊल टाकत दार गाठलं आणि फटीला डोळा लावला.

आत उजेड होता, वरच्या झरोक्यांतून येणारा, संध्याकाळचा पिवळा. शहाबादी फरशी. टेबलं भिंतीशी रचून ठेवलेली. फरशीवर दोन लांबलचक ओळींत ओले डाग होते. गोल, बसायच्या पाटाएवढे, एकमेकांसमोर, सारख्या अंतरावर. पंगत बसते तसे. पार टोकाच्या अंधारापर्यंत.

जवळच्या ओळीत एक जागा कोरडी होती. ओवी बघत असताना तिथली फरशी काळपट व्हायला लागली. मधून, मग कडेला. हळूहळू, कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवून, बेतानं खाली बसावं तशी.

५

आशाबाई कार्यालयाच्या मागं राहायची. झाडलोट, भांडी, लग्नातला स्वयंपाक, सगळं तिचंच. कार्यक्रम संपून माणसं गेल्यावर ओवी तिच्याकडं गेली.

“आशाबाई, जेवणाच्या हॉलमध्ये पाणी मारलंत का?”

“कशानं मारू, ताई? पाच दिस झाले नळ नाय आला. हांडाभर हाय ते प्यायचं.”

“मग ओलं कसं?”

आशाबाईनं हातातला खराटा भिंतीला लावला. ती सरकत्या दारापाशी गेली नाही. “गेल्या आयतवारी बी व्हतं,” ती म्हणाली. “म्या पुसलं. गाळाचा वास येतो फडक्याला.” मग तिनं विचारलं, “तुमी आवतण दिलं म्हनं भोंग्यावर. चूलबंद. कुठं-कुठं दिलं?”

ओवीनं सांगितलं. बाजार. दोन वस्त्या. आणि परतताना धरणाकाठी, उघड्या पडलेल्या जोत्यांसमोर.

“तिथं कुनाची चूल पेटती व्हती, ताई?”



“आता काय करायचं?” ओवीनं विचारलं. “जेवण घालायचं का?”

“तुमी जेवायला बोलवलंच नव्हतं की. गान्याला बोलवलं व्हतं.” आशाबाईनं मागच्या उघड्या दारातून स्टेजकडं बघितलं. तिथं अंगद केबल गुंडाळत होता आणि ऋतुराज त्याला काहीतरी विचारत होता. अंगद हातानं खुणा करून उत्तर देत होता. “खायलेत की ते.”

ओवी धावतच स्टेजपाशी गेली.

“बोलतच नै हा,” ऋतुराज म्हणाला. “मघाशी शेवटचं गाणं संपलं तेव्हापासून. फुस्स झालाय पार. मियाँ, लिंबू-सरबत पी.”

अंगदनं तोंड उघडलं. ओठ हलले. फुंकर घातल्याएवढाही आवाज आला नाही. तो हसला, खांदे उडवले. ओवीनं त्याचं मनगट धरलं. ते गार होतं.

“आजपासून बंद,” ती म्हणाली. “पुढचा रविवार नाही. कुठलाच नाही.”

अंगदनं फोन काढून टाइप केलं: ‘आज किती लोक होते बघितलं का?’

६

रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला होता. रात्रीचं जेवण टाळून ओवी खोलीत बसली आणि तिनं सरळ शेवटाकडचा भाग लावला. गाणी ऐकायची तिची छाती झाली नाही.

खुर्च्या सरकल्याचे आवाज. ऋतुराजचं हसणं. आशाबाईशी बोलायला गेलेल्या तिच्या स्वतःच्या सँडल. मग केबल ओढल्याची सरसर. हा तो वेळ होता, जेव्हा हॉलमध्ये फक्त अंगद आणि ऋतुराज होते.

माइकच्या अगदी जवळ कुणीतरी घसा साफ केला.

“लई चांगलं झालं,” म्हाताऱ्या माणसाचा आवाज म्हणाला. अदबीचा, पाहुण्यानं निघताना यजमानाशी बोलावं तसा. त्या आवाजाच्या तळाशी काहीतरी ओलं होतं, छातीत साचलेलं. “काय कमी पडू दिलं नाय. आता तुमी यायचं आमच्याकडं.”

मागं अनेकांनी हुंकार भरला.

मग तो आवाज थोडा वर चढला, उंबऱ्याबाहेर उभं राहून घरात हाक मारल्यासारखा. त्यानं नाव घेतलं. अंगदचं. त्याच्या बापाचं, मुंजाबाचं. त्याच्या वस्तीचं. एकही चुकवलं नाही. “उद्याच्याला. दिस वर आल्यावर. चूलबंद.”

नंतर पुन्हा केबलची सरसर. अंगद काम करत होता. त्यानं काहीच ऐकलेलं नव्हतं, किंवा ऐकलं असेल तर थांबला नव्हता.

ओवीनं ते एकदाच ऐकलं. पुन्हा लावलं तर काहीतरी पक्कं होईल असं तिला वाटलं. तिनं स्वतःशी वाद घातला. कुणी चेष्टा केली असेल. मुंजाबांच्या भावकीतलं कुणी मागं राहिलं असेल. पण या रविवारी मुंजाबा आलेच नव्हते. तिनं अंगदला फोन केला. त्यानं कापला आणि मेसेज पाठवला: ‘झोपतो. ताप वाटतोय. सकाळी बोलू.’ तिनं लिहिलं, ‘उद्या कुठं जाऊ नकोस.’ उत्तर आलं नाही.

७

सकाळी सहाला तिनं पुन्हा फोन लावला. तिसऱ्या खेपेला तो उचलला गेला.

“अंगद? ऐकतोयस का?”

पलीकडं श्वास होता. त्याच्या मागं, त्या दहा बाय दहाच्या खोलीत मावणार नाही एवढी, बसण्याची सळसळ होती.

फोन बंद झाला. मेसेज आला: ‘आज मेसला जात नाही. जेवायला बोलावलंय.’

‘कुणी?’

‘घरी येऊन सांगून गेले. नीट नाव घेऊन. किती मान दिला ग ओवी. न्यायला येणारेत परत.’

ओवी तशीच पलंगावर बसून राहिली. अंगद मेसवर जेवायचा. सकाळचा चहा खालच्या टपरीवर. त्याच्या खोलीत एक गादी होती, एक दोरी, दोन गिटारी. चूल, शेगडी, स्टोव्ह, काहीच नव्हतं. त्या खोलीत कधीच काही पेटलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरात तिची आई, उमा, लायटर शोधत होती. “उठलीस एवढ्या लवकर? चहा ठेवते.”

“ठेव. आणि आई, आज दिवसभर गॅस बंद करू नकोस. एक तरी शेगडी चालू ठेव. काहीही ठेव वर. पाणी ठेव.”

“म्हणजे? कशाला?”

“बाबांनाही सांग. घरातून कुणी कुठं जेवायला जायचं नाही. कुणीही बोलावलं तरी.”

उमानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिनं गॅस पेटवला. निळी ज्योत फुलली.

ओवीनं स्टुलावर चढून माळ्यावरची लहान शेगडी आणि छोटा सिलिंडर खाली काढला. सिलिंडर हलवून बघितला. गॅस होता अजून थोडा. एका डब्यात तांदूळ घेतले. आई मागून विचारत होती, सहा वाजता कुणाकडं स्वयंपाक, आणि ओवीनं ते ऐकलं नाही. सिलिंडर तिनं स्कूटरवर दोन पायांच्या मधे ठेवला, शेगडी पाठीवरच्या पिशवीत. बाहेर उजाडलं होतं. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर ऊन पोचलेलं नव्हतं. औरंगपुऱ्याला पोचायला वीस मिनिटं, गर्दी नसली तर.

पोलिसांना काय सांगायचं, अंगदला काय सांगायचं, हे तिला माहीत नव्हतं. तिनं फक्त एवढं ठरवलं होतं: त्या खोलीत भात शिजायला टाकायचा, दार उघडं ठेवून स्वतः उंबऱ्यात बसायचं, आणि न्यायला जे कुणी जिना चढून येतील त्यांना तोंडावर सांगायचं की या घरात आज चूल पेटलेली आहे.